एकाच प्लेटमधल्या गोळ्यांत इरिनोटेकॅन कधी कडेला, कधी मधोमध: मॅल्डी इमेजिंगमधली वारंवार येणारी अडचण

अडचण अशी. एचसीटी-११६ या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींचे गोळे, म्हणजे स्फेरॉइड, एकाच दिवशी, एकाच प्लेटमध्ये वाढवले. सगळ्यांना इरिनोटेकॅन हे कर्करोगावरचं औषध सारखंच दिलं, चोवीस तास ठेवलं, गोठवलं, काप घेतले, लेझरची ऊर्जा शोषणारं मॅट्रिक्स फवारलं आणि मॅल्डी इमेजिंगला लावलं, म्हणजे लेझरने कापातले रेणू विद्युतभारित आयन करून उडवायचे आणि कुठल्या जागी कोणत्या वस्तुमानाचा रेणू आहे याचं चित्र काढायचं. एका गोळ्यात औषध फक्त कडेला कड्यासारखं दिसतं. दुसऱ्यात मधोमध भरगच्च. तिसऱ्यात गोळ्याबाहेरही पसरलेलं. मग प्रश्न येतो: औषध गाभ्यापर्यंत पोचलं की नाही?

अशा वेळी पहिला संशय यंत्रावर घेतला जातो. लेझर कमकुवत झाला असेल, कॅलिब्रेशन सरकलं असेल, इंजिनिअरला बोलवा. माझं मत उलटं आहे. ही तीन चित्रं ज्या कारणांनी येतात त्यांतली बहुतेक कारणं स्लाइड यंत्रात जाण्याआधीच घडून गेलेली असतात, आणि त्यातही सगळ्यात मोठं कारण गोठलेल्या ठोकळ्याचे काप घेणाऱ्या क्रायोस्टॅटच्या पात्याशी असतं. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करायची.

नेमकं काय मोजतोय

अगारोज जेलचा थर दिलेल्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या खाचेत, पेशींना चिकटायला जागा मिळत नाही, म्हणून त्या एकमेकींना धरून गोळा होतात. दहा-बारा दिवसांत तो पाऊण ते एक मिलिमीटरचा होतो. बाहेरच्या थरात पेशी वाढत असतात, मधल्या थरात सुस्तावलेल्या असतात आणि आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, मेलेल्या पेशींचा गाभा असतो. ऑक्सिजन साधारण १५० ते २०० मायक्रॉनपर्यंतच झिरपतो, त्यामुळे गोळा अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेल्याशिवाय असा गाभा नीट तयार होत नाही. सपाट वाढवलेल्या पेशींत हे थर नसतात, म्हणून औषध कुठवर शिरतं हे त्यांच्यावर तपासताच येत नाही. अमेरिकेत नोत्रदाम विद्यापीठात अमांडा हमन यांच्या गटाने २०११ मध्ये अशा गोळ्यांवर मॅल्डी इमेजिंग करून दाखवलं आणि २०१३ मध्ये इरिनोटेकॅन व त्याची चयापचयातून होणारी रूपं गोळ्याच्या कापात टिपली. आज जगभर जे प्रोटोकॉल फिरतात त्यांतल्या बऱ्याच जणांचं मूळ तिथे सापडतं.

शोधायची वस्तुमानं समोर लिहून ठेवा. प्रोटॉन लागलेलं इरिनोटेकॅन ५८७.२९ वर, त्यापासून होणारं खरं मारक रूप एसएन-३८ हे ३९३.१४ वर आणि त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून पेशी जे निकामी रूप बनवते ते ५६९.१८ वर. शेवटच्या आकड्यात एक सापळा आहे, त्याकडे पुढे येतो.

कडं की भरीव चकती: आधी कापाची उंची तपासा

दोन गोळ्यांची चित्रं जुळत नसतील तर पहिला प्रश्न विचारायचा: दोन्ही काप गोळ्याच्या मधोमधचे आहेत का? उकडलेल्या अंड्याची टोकाकडची चकती कापली तर तिच्यात पिवळं दिसतच नाही, म्हणून त्या अंड्यात पिवळं नव्हतं असं कुणी म्हणत नाही. गोळ्याच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तसं म्हणतो, कारण चकती पुरेशी मोठी दिसते आणि आपण फसतो.

हिशेब करून पाहा. गोळ्याची त्रिज्या ४०० मायक्रॉन धरू. केंद्रापासून २०० मायक्रॉन वर घेतलेल्या कापाचा व्यास येतो सुमारे ६९० मायक्रॉन. पूर्ण व्यास ८००, म्हणजे काप ८५ टक्क्यांहून मोठा. स्क्रीनवर तो अगदी मधला वाटतो. पण त्या चकतीचा मधला बिंदू गोळ्याच्या वरच्या पृष्ठभागापासून फक्त २०० मायक्रॉन खोल आहे. औषध २०० मायक्रॉनपर्यंत शिरलं असेल तर ही चकती मधोमध भरलेली दिसणार, आणि त्याच गोळ्याचा खरा मधला काप कडं दाखवणार. आणखी वर, ३०० मायक्रॉनवर गेलात तर व्यास ५३० आणि मध्यबिंदूची खोली अवघी १००. दोन्ही चित्रं खरी, प्रश्नच चुकीचा विचारलेला.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही: गोळा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत प्रत्येक काप क्रमांकाने ठेवायचा. १२ मायक्रॉनचे काप घेतले तर ८०० मायक्रॉनच्या गोळ्यात ते सहासष्ट-सदुसष्ट होतात. त्यांतले केंद्राच्या दोन्ही बाजूंचे ६० मायक्रॉन, म्हणजे मधले दहाएक काप, इमेजिंगला वापरायचे. त्या पट्ट्यात चकतीच्या मध्याची खोली ३४० मायक्रॉनच्या खाली जात नाही. व्यासाची तुलना जिवंत गोळ्याच्या मापाशी करू नका. गोठताना आणि वाळताना आकार बदलतो. त्याच मालिकेतल्या सर्वांत मोठ्या कापाशी तुलना करा. शेजारचा काप हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या सूक्ष्मदर्शकाच्या नेहमीच्या रंगांनी रंगवून घ्या. त्यात मेलेला गाभा दिसला नाही तर तुम्ही मध्यावर नाही, किंवा गोळाच लहान आहे.

गोठवण्याआधी गोळे साच्यात जिलेटिनमध्ये बसवतात. एकाच साच्यात चार-पाच गोळे बसवण्याची सवय असेल तर ही चूक हमखास होते, कारण प्रत्येक गोळा जिलेटिनमध्ये वेगळ्या उंचीवर थांबतो. एकच काप घेतला की त्यात एकाचा मध्य, दुसऱ्याची टोपी आणि तिसऱ्याचा पाव भाग येतो, आणि आपण त्यांना तीन पुनरावृत्ती म्हणून मोजतो. साच्यात आधी जिलेटिनचा पातळ थर ओतून घट्ट होऊ द्या, त्यावर सारख्या मापाचे गोळे ठेवा, मग वरून ओता. तळ एका पातळीत आला की मध्यही जवळपास एका पातळीत येतात.

गोळ्याबाहेर सांडलेलं औषध

हे दुसरं नेहमीचं चित्र. इथे सांडलेल्या डागाचा आकारच कारण सांगतो, फक्त सोबत एक साक्षीदार लागतो. पेशींच्या पापुद्र्यातलं मेदद्रव्य फॉस्फॅटिडिलकोलीन ३४:१ हा उत्तम साक्षीदार. तो प्रोटॉनसह ७६०.५९ वर, सोडियमसह ७८२.५७ वर आणि पोटॅशियमसह ७९८.५४ वर मिळतो. तो गोळ्याच्या सीमेत असेल आणि औषध बाहेर असेल तर पेशी जागेवर आहेत, औषध हललं आहे. दोन्ही हलले असतील तर काप किंवा मॅट्रिक्सच ओघळलं आहे.

औषध सगळ्या जिलेटिनभर एकसारखं, गोळ्यापासून दूरही तेवढंच दिसत असेल तर ते पेशी वाढवण्याच्या द्रवातून, म्हणजे माध्यमातून आलेलं आहे, धुणं अपुरं पडलं. गोळा उचलताना सोबत आलेले काही मायक्रोलिटर माध्यम पुरेसे असतात. दोनदा थंड, झटपट धुवा आणि शेवटचं धुणं पीबीएस या फॉस्फेटच्या खारट द्रावणाऐवजी अमोनियम फॉर्मेटच्या ५० मिलिमोलर द्रावणाने करा. पीबीएसचे क्षार स्लाइडवर राहतात आणि पुढे सोडियम-पोटॅशियमच्या पीकांचा, म्हणजे आलेखातल्या शिखरांचा, गोंधळ घालतात, अमोनियम फॉर्मेट निर्वातात उडून जातं. पण गोळा त्यात भिजत ठेवू नका. जितका वेळ ठेवाल तितकं औषध बाहेर येईल, आणि तुम्ही स्वतःच कडं तयार कराल.

डाग गोळ्याभोवती प्रभावळीसारखा, बाहेर जाताना फिका होणारा असेल तर दोष बहुतेक कोमट जिलेटिनचा. जिलेटिन ओतण्यासाठी ३७ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, आणि त्या तापमानाला औषध पसरत राहतं, पेशींतली एन्झाइमं काम करत राहतात. या मापाच्या रेणूचा पाण्यासारख्या जेलमधला पसरण्याचा वेग धरून गणित केलं तर एका मिनिटात शंभर ते दोनशे मायक्रॉन अंतर सहज कापलं जातं. २५ मायक्रॉनच्या पिक्सेलने चित्र काढणाऱ्याला हे परवडणारं नाही. म्हणून साचा आधीच थंड ठेवा, ओतल्याबरोबर ड्राय आइसवर किंवा ड्राय आइसने थंड केलेल्या आयसोपेंटेनवर तरंगत ठेवा. थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलं तर ठोकळ्याला तडे जातात, आणि तडा गोळ्यातून गेला की तो गोळा संपला.

डागाला शेपूट असेल, आणि सगळ्या कापांत शेपूट एकाच दिशेला असेल, तर फवारणी ओली झाली आहे. प्रवाह कमी करा, नोझल जरा वर घ्या, दोन फेऱ्यांमधला वाळण्याचा वेळ वाढवा. शेपटं वेगवेगळ्या दिशांना असतील तर काप स्लाइडवर चिकटवताना जास्त वितळले, किंवा उणे ८० अंशांच्या फ्रीजमधून काढलेल्या स्लाइडवर दव साचलं. पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत हे दुसरं कारण फार भोवतं. स्लाइडचा डबा बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, डेसिकेटर या कोरड्या हवेच्या भांड्यात, आणि पूर्ण कोमट झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

फवारणीवर संशय पक्का करायचा तर कोऱ्या जिलेटिनच्या कापावर औषधाचा बारीक ठिपका द्या, वाळू द्या, नेहमीसारखं फवारा आणि ठिपक्याची कड पाहा. शेजारी तसाच दुसरा ठिपका ठेवून त्यावर मॅट्रिक्स सब्लिमेशनने, म्हणजे घन मॅट्रिक्सची थेट वाफ करून, चढवा. सब्लिमेशनमध्ये द्रावक नसल्याने कड तीक्ष्ण राहते, मात्र कापातून औषध बाहेर काढण्याचं कामही कमी होतं आणि सिग्नल घटतो. दोन्हींतला मध्य तुम्हाला तुमच्या यंत्रावर शोधावा लागेल, कुणाच्या प्रोटोकॉलमध्ये तो आयता मिळत नाही.

आणि कृपा करून जिलेटिनऐवजी ओसीटी या गोठवण्याच्या तयार चिकट द्रवात गोळे बसवू नका. हिस्टॉलॉजीच्या लोकांना ते सोयीचं असतं, आपल्याला नाही. त्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल आहे. स्पेक्ट्रममध्ये ४४.०३ च्या अंतराने पीकांची शिडी दिसली की समजा, औषधाचा सिग्नल त्या शिडीखाली दबला.

गाभा काळा दिसतो, पण खरंच रिकामा आहे का?

काप मधला आहे, औषध सांडलेलं नाही, तरीही गाभ्यात काहीच दिसत नाही. निष्कर्ष काढायची घाई इथेच होते. मेलेल्या पेशींच्या गाभ्यात क्षार, फुटलेले पापुद्रे आणि प्रथिनांचा कचरा वेगळ्याच प्रमाणात असतो. तिथे औषध असूनही त्याचं आयनीकरण दबू शकतं.

चाचणी साधी आहे. औषध न दिलेल्या गोळ्याचे मधले काप घ्या, त्यांवर इरिनोटेकॅनचं सौम्य द्रावण सगळीकडे सारखं फवारा, वर मॅट्रिक्स द्या आणि चित्र काढा. औषध सगळीकडे सारखं असताना गाभा काळा आला, तर तुमचं आधीचं कडं निदान काही अंशी आयन दबल्यामुळे तयार झालेलं होतं.

कायमचा उपाय म्हणजे दहा ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असलेलं इरिनोटेकॅन. ते ५९७.३५ वर येतं, वागतं औषधासारखंच. मॅट्रिक्सच्या आधी सगळ्या स्लाइडवर ते एकसारखं फवारून प्रत्येक पिक्सेलमध्ये ५८७.२९ ला ५९७.३५ ने भागा. महाग आहे, पण थोडंसंच लागतं. ते न घेता एकूण आयनसंख्येने भागण्याची पद्धत बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपोआप चालू असते, ती मला गोळ्यांसाठी धोक्याची वाटते. गाभ्यात एकूण आयनच कमी असतील तर कमी आकड्याने भागून तिथला गोंगाट उजळतो, आणि रिकामा गाभा औषधाने भरल्यासारखा दिसतो. म्हणजे आयन दबल्यावर होते त्याच्या नेमकी उलटी चूक. निदान एकदा तरी भागाकार न करता कच्चं चित्र पाहाच.

एसएन-३८ सापडत नाही, किंवा संशयास्पद सहज सापडतं

इरिनोटेकॅन हे पूर्वऔषध. पेशीतली कार्बोक्सिलएस्टरेझ एन्झाइमं त्याचा एक भाग तोडतात तेव्हा एसएन-३८ तयार होतं, आणि ते डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेझ-१ ला अडवतं. मूळ औषधापेक्षा ते शेकडो पटींनी प्रभावी, त्यामुळे अगदी थोडं असलं तरी पेशी मरतात आणि इमेजिंगला मात्र दिसत नाही. ३९३.१४ वर काही न दिसणं म्हणजे रूपांतर झालं नाही, असं लिहू नका. आठ-दहा गोळे एकत्र कुटून द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर प्रमाण मोजा. प्रमाण तिथून घ्यायचं, जागा चित्रातून.

उलट ३९३.१४ फार ठळक असेल तर काचेवर शुद्ध इरिनोटेकॅनचा ठिपका ठेवून तिथे तेच पीक येतं का ते तपासा. लेझरची ऊर्जा जास्त असली की रेणू यंत्रातच तुटतात. दुसरी शक्यता माध्यमातल्या सीरमची, त्यातली एन्झाइमंही औषध तोडू शकतात. पेशी नसलेल्या वेलमध्ये औषध तेवढाच वेळ ठेवून ते माध्यमही तपासा.

आता ५६९.१८ चा सापळा. सीएचसीए या नेहमीच्या मॅट्रिक्सचे तीन रेणू एकत्र येऊन ५६८.१४ वर पीक देतात. त्या त्रिकुटात तीस कार्बन, म्हणून कार्बन-१३ मुळे येणारं त्याचं पुढचं पीक ५६९.१४ वर, मूळ पिकाच्या सुमारे एक तृतीयांश उंचीचं. आपल्या ग्लुकुरोनाइडपासून हे फक्त ०.०४ दूर. दोन्ही वेगळे करायला निदान पंधरा हजारांची विभेदनशक्ती हवी. आयनांच्या उड्डाणाच्या वेळेवरून वस्तुमान मोजणाऱ्या साध्या टाइम-ऑफ-फ्लाइट यंत्रावर पूर्ण चकतीभर 'ग्लुकुरोनाइड' झळकत असेल तर तेच पीक गोळा नसलेल्या कोऱ्या मॅट्रिक्सवर आहे का ते आधी पाहा. डीएचबी या दुसऱ्या मॅट्रिक्सवर तेच काप पुन्हा करणं हा सोपा पडताळा. शक्य असेल तिथे ५८७ मोडून ५४३ मिळतं का आणि ३९३ मोडून ३४९ मिळतं का तेही पाहा. दोन्हींत कार्बन डायऑक्साइड निघून जातो.

औषधाच्या रेणूतल्या लॅक्टोन कड्याबद्दलही सांगायला हवं. हे अणूंचं कडं, चित्रातलं नव्हे. कॅम्पटोथेसिन कुळातल्या सगळ्यांचं मर्म तेच. आम्लात कडं बंद राहतं, शरीराच्या पीएचला ते उघडतं आणि औषध बरंचसं निष्प्रभ होतं. मुळात कॅम्पटोथेसिन १९६६ साली मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. हे वाणी नंदुरबारचे. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही तेच द्रव्य भरपूर असतं आणि त्यापायी त्या झाडाची चोरटी तोड होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते पाण्यात विरघळावं म्हणून कडं उघडलेल्या सोडियम क्षाराच्या रूपात रुग्णांना दिलं गेलं. विषारीपणा जास्त, गुण कमी, म्हणून चाचण्या थांबल्या. इरिनोटेकॅन ही त्यानंतरची, विद्राव्य करून घेतलेली पिढी. त्याचं उघडं रूप ६०५.३० वर दिसायला हवं, पण आपलं मॅट्रिक्सचं द्रावण ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्लाने आम्लधर्मी केलेलं असतं आणि त्यात उघडलेली कडी पुन्हा मिटतात. म्हणून मॅल्डीच्या चित्रावरून गोळ्यात औषध कोणत्या रूपात होतं याबद्दल काही बोलू नये.

गोळेच सारखे नसतील तर

हे लवकर उरकतो. प्लेटच्या कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, तिथले गोळे लहान राहतात. ते इमेजिंगला घेऊच नका, तिथे नुसतं पाणी भरा. अगारोजचा थर खोलगट बसला नाही तर एका वेलमध्ये दोन छोटे गोळे होतात आणि नंतर चिकटतात. औषध देण्याच्या दिवशी प्रत्येक गोळ्याचा फोटो आणि व्यास नोंदवा. एकमेकांपासून दहा टक्क्यांहून जास्त फरक असलेले बाजूला काढा. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीसंग्रहातून आणलेल्या ताज्या पेशी आणि फ्रीजरमधल्या, पुन्हापुन्हा नव्या भांड्यात वाढवलेल्या जुन्या पेशी एकाच प्रयोगात मिसळू नका.

मात्रेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण चित्र चांगलं यावं म्हणून ती वाढवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. शरीराच्या दर चौरस मीटरला १२५ मिलिग्रॅम औषध दिल्यावर रुग्णाच्या रक्तात इरिनोटेकॅनची कमाल पातळी तीन मायक्रोमोलरच्या आसपास असते. प्रयोगात पन्नास मायक्रोमोलर घातलं तर गाभाही उजळेल, पण रुग्णाच्या गाठीबद्दल त्यातून काय समजलं हे परीक्षक विचारणारच. मोठी मात्रा पद्धत बसवण्यासाठी वापरा आणि तसं स्पष्ट लिहा.

इंजिनिअरला केव्हा बोलवायचं

प्रत्येक स्लाइडवर चार गोष्टी कायम असू द्या: औषध दिलेल्या गोळ्याचा मधला काप, न दिलेल्याचा मधला काप, कोरं जिलेटिन आणि चारही कोपऱ्यांत काचेवर ड्युटेरियमवाल्या इरिनोटेकॅनचे ठिपके. कोपऱ्यातल्या ठिपक्यांची तीव्रता सारखी असेल तर यंत्र बरोबर आहे, वरच्या यादीत परत जा. एका कोपऱ्यात तीव्रता पडत असेल किंवा वस्तुमान सरकत असेल, तर आधी स्लाइड पट्टीत सपाट बसली आहे का पाहा, कारण टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये उंचीतला थोडा फरकही वस्तुमान सरकवतो. मग काचेवरचा आयटीओचा वीजवाहक थर वर आहे ना ते मल्टिमीटरने तपासा. मोजता येण्याजोगा रोध दाखवणारी बाजू वर हवी, नुसत्या काचेतून वीज जातच नाही. उलट्या बाजूला काप लावलेल्या स्लाइडने आठवडा खाल्लेली प्रयोगशाळा शोधायला फार लांब जावं लागत नाही.

हे दोन्ही ठीक असूनही कोपरे जुळत नसतील, तर फोन करा. इंजिनिअरला गोळ्यांची चित्रं पाठवू नका, त्यांवरून त्याला काहीच सांगता येणार नाही. चार ठिपक्यांचे कच्चे स्पेक्ट्रा, लेझरची ऊर्जा आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख, एवढंच पाठवा.